आपल्या धास्तीने बांधलेला कोट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पूर्वेला, मुख्य टपाल कार्यालयाच्या मागच्या बाजूला सेंट जॉर्ज रुग्णालय आहे. त्याच्या मागे काळ्या दगडाच्या तटाचा एक तुकडा उभा आहे. रुग्णांचे नातेवाईक तिथून डबे घेऊन ये-जा करतात, पण भिंतीकडे कोणी वळून पाहत नाही. जुन्या सरकारी आवारात असते तशीच एक जुनी भिंत, एवढेच. याच किल्ल्याच्या आवारात, जिथे पूर्वी दारूगोळा साठवला जाई तिथे, महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे कार्यालय आहे. राज्यातल्या संरक्षित किल्ल्यांच्या फायली ज्या खात्यात फिरतात, ते खाते स्वतःच एका मोडक्या किल्ल्यात बसते. ही गोष्ट गमतीची आहे, पण फारशी कोणाला ठाऊक नाही.

हा किल्ला म्हणजे फोर्ट सेंट जॉर्ज. १७६९ साली तो बांधला गेला आणि तिसऱ्या जॉर्जचे नाव त्याला मिळाले. मद्रासच्या प्रसिद्ध सेंट जॉर्ज किल्ल्याशी त्याचा घोटाळा करू नये. तो शंभरेक वर्षांनी थोरला आणि आजही धडधाकट आहे. मुंबईचा हा धाकटा सेंट जॉर्ज म्हणजे मुंबई शहराच्या कोटाला उत्तरेकडे जोडलेले ठिगळ होते. लांबी सुमारे दीड किलोमीटर, रुंदी अर्धा किलोमीटर. शंभर वर्षेही तो टिकला नाही, आणि त्याच्यावर कधी हल्लाही झाला नाही.

किल्ला म्हटले की मराठी माणसाच्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते. आपण पायथ्याशी गाडी लावतो, चढतो, दरवाजातून आत शिरतो, बुरुजावर उभे राहून खाली पाहतो. आपण नेहमी आतले असतो, शत्रू खाली असतो. राजगड, सिंधुदुर्ग, जंजिऱ्याच्या समोरचा पद्मदुर्ग, सगळीकडे आपली जागा तटाच्या आत ठरलेली. मुंबईच्या कोटापाशी मात्र ही जागा बदलावी लागते. हा कोट ज्यांच्या भीतीने रुंद झाला, खोल झाला, ज्यांच्यासाठी त्याच्यापुढची झाडे तोडली गेली, त्यांत आपण सगळ्यांत पुढे होतो. किल्ल्याकडे बाहेरून, खंदकाच्या पलीकडून पाहण्याची सवय आपल्याला नाही. ती लावून घ्यायची तर या रुग्णालयामागच्या भिंतीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

या कोटाची सुरुवात एका घरापासून झाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते आणि बंदराच्या काठी त्याचा वाडा होता. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १६६१च्या विवाहतहात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कंपनीने त्या वाड्याभोवती गढी उभारली, तिला बॉम्बे कॅसल म्हणत. गढी बेताची होती. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईत फौज उतरवली, माझगाव घेतले आणि उत्तरेच्या डोंगरी टेकडीवर तोफा चढवून गढीवर गोळे टाकले. औरंगजेबापुढे नाक घासून इंग्रजांनी ते संकट टाळले. पण जवळ उंचवटा असेल तर तो आधी आपल्या ताब्यात हवा, हा धडा त्यांना मिळाला. तो अमलात आणायला पुढे ऐंशी वर्षे लागली.

शहराभोवती तट आला तो चार्ल्स बून गव्हर्नर झाल्यावर. तो १७१५च्या अखेरीस मुंबईला आला तेव्हा कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांची सत्ता होती आणि त्यांचा परवाना नसलेल्या जहाजाला तिथून सुखाने जाता येत नव्हते. बूनने दोन कामे हाती घेतली. एक, आंग्रे यांना मोडणे. दुसरे, शहराला तट घालणे. पहिले जमले नाही. १७१७ साली विजयदुर्गावर आणि १७१८ साली खांदेरीवर त्याने आरमार पाठवले, दोन्ही वेळा हात हलवत परतावे लागले. दुसरे काम मात्र पुरे झाले. तटाला तीन दरवाजे ठेवले: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बाजार गेट. १७१८च्या नाताळात सेंट टॉमस चर्च उघडले, त्याच्या दिशेचा दरवाजा म्हणून चर्च गेट. दक्षिण भागात इंग्रजांची घरे आणि कचेऱ्या, उत्तर भागात पारशी, गुजराती, कोकणी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. मराठीत या सगळ्याला सरळ ‘कोट’ म्हणत. डोंगरावरचा तो गड, सपाटीवरचा तो कोट, हा आपल्या भाषेतला जुना भेद मुंबईनेही पाळला.

तट झाला तरी त्याच्यापुढे खंदक नव्हता. तो खणायला लावला चिमाजी अप्पांनी.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी बेटात पाय रोवले. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये तेव्हा फक्त माहीमची खाडी होती. म्हणजे कंपनीच्या मुंबईला आता पोर्तुगीज नव्हे, मराठे शेजारी लाभले. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर तिथून माहीमवर मारा होईल, म्हणून इंग्रजांनी पोर्तुगिजांना तो स्वतःच्या हातांनी पाडायचा सल्ला दिला. मे १७३९ मध्ये दीर्घ आणि रक्तबंबाळ वेढ्यानंतर वसई पडली. मुंबईने दोन वकील रवाना केले. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे गेला, कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे. गॉर्डनचे काम केवळ नजराणे देण्याचे नव्हते. दरबारात खरी सत्ता कोणाची, हे पाहून यायचे होते. ती बाजीराव पेशव्यांची आहे, हे त्याला लवकरच उमगले. त्याच वर्षी तह झाला. आणि त्याच वर्षी, तहावर विसंबून न राहता, मुंबईच्या तटाबाहेर कुदळी पडल्या.

वसईच्या विजयाची खूण म्हणून आपल्याकडे घंटा दाखवतात. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात वसई मोहिमेतल्या चर्चच्या घंटा टांगलेल्या आहेत, आणि त्या पाहताना ऊर भरून येतो हे खोटे नाही. मुंबईचा खंदक ही त्याच विजयाची दुसरी खूण आहे. ती आपण कधी मोजली नाही, कारण ती समोरच्याच्या दप्तरात नोंदली गेली.

खंदकाचे काम १७४३पर्यंत चालले आणि त्याला सुमारे अडीच लाख रुपये लागले. कंपनीने खर्चासाठी शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांपुढे हात पसरला, आणि व्यापार मंदावलेला असतानाही त्यांनी ३०,००० रुपये जमवून दिले. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठ्यांना भिणारे म्हणजे टोपीवाले, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. वर्गणी काढणारे हे व्यापारी टोपीवाले नव्हते. ते पारशी होते, बनिया होते, इथलेच होते. त्यांच्या पेढ्या, वखारी, बायकामुले कोटाच्या आत होती. चिमाजी अप्पा येणार ते धर्मरक्षक म्हणून की खंडणीसाठी, याचा विचार करत बसायला त्यांना सवड नव्हती. मराठी फौज आली की चौथाई मागते, आणि ती मिळाली नाही तर काय होते, हे सुरतेकडून आलेल्या माणसांना दोन पिढ्या ठाऊक होते.

मुंबईच्या खंदकाचे काम चालू असतानाच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्यात, दुसरा खंदक खणायला घेतला गेला. त्याचे नावच ‘मराठा डिच’. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. मुंबईत निदान तट होता. कलकत्ता शहर उघडे होते. तिथल्या देशी रहिवाशांनी कंपनीकडे अर्ज केला की आमच्या खर्चाने आम्हाला शहराभोवती खंदक खणू द्या. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले, मराठे कलकत्त्यापर्यंत आले नाहीत आणि काम थांबले. १७५६ साली जो शत्रू खरोखर चालून आला तो नवाब सिराजउद्दौला होता. अर्ध्या खंदकाने त्याला काही अडवले नाही. १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड केला गेला. आज तो आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावांनी ओळखला जातो. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली अजून आहे. कलकत्त्याच्या साहेबांना इतर शहरांतले साहेब ‘डिचर’ म्हणून चिडवत, म्हणजे खंदकवाले.

मुंबई आणि कलकत्ता या दोन खंदकांमध्ये एक फरक आहे आणि तो लपवून उपयोग नाही. मुंबईची धास्ती फळाला आली नाही. बंगालची आली. १७४२ ते १७५१ या काळात मराठी फौजा वर्षामागून वर्षे बंगालमध्ये येत राहिल्या. त्या वेळी तिथे राहणाऱ्या गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे काव्य लिहिले. नाव ऐकून मराठी वाचकाला वाटेल की आपली थोरवी गायली असेल. सुरुवात तशीच होते. बंगालमध्ये पाप माजले म्हणून पृथ्वी गाऱ्हाणे घेऊन जाते आणि शिवाच्या आज्ञेने शाहूराजाला या देशाला शासन करण्याची प्रेरणा होते. पण मग बर्गी येतात. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. गावे जळतात, बायकांवर अत्याचार होतात. शेवटी देवीच भास्करपंतांवर उलटते. ज्यांना देवाने पाठवले त्यांनाच देवी टाकून देते, हा निवाडा एका भाविक हिंदू कवीने दिला आहे आणि म्हणून तो नुसता परकीयांचा अपप्रचार म्हणून झटकता येत नाही. १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणी करण्याच्या मिषाने तंबूत बोलावून मारले. हा भाग आपल्या इतिहासात दगा म्हणून ठळकपणे येतो, आणि तो दगा होताच. त्याच्या अलीकडची दोन वर्षे मात्र आपण दोन ओळींत उरकतो. १७५१च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली, हे आपण आवर्जून सांगतो.

‘बर्गी’ हा शब्द म्हणजे आपला ‘बारगीर’. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. मराठी लष्करातली ही पगारपत्रकावरची प्रत. बारगीर म्हणजे बिचारा उसन्या घोड्यावरचा शिपाई, शिलेदारापुढे त्याची पत कमी. बंगालीत गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ लुटारू झाला आणि तो थेट अंगाईगीतात जाऊन बसला. एका बंगाली स्नेह्याच्या घरी त्यांच्या आईने माझे आडनाव ऐकून हसत हसत विचारले होते, “मग तुम्ही बर्गी तर!” त्यांनी चहाबरोबर संदेश दिला, आणि बोलण्यात राग मुळीच नव्हता. अडीचशे वर्षांत दहशतीची थट्टा झाली होती, पण शब्द जागचा हलला नव्हता. आपल्याकडे ‘बारगीर’ हे कोणाचे तरी आडनाव असते, त्यांच्याकडे ते मुलाला झोपवायचे हत्यार आहे.

मुंबईकडे परत येऊ. मराठ्यांनी मुंबईवर हल्ला केलाच नाही. त्याची कारणे पुण्याच्या राजकारणात आहेत. इंग्रज हे पेशव्यांना शत्रूपेक्षा उपयोगी शेजारी वाटत होते. त्याचा कळस १७५६च्या फेब्रुवारीत झाला. तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्रे यांचे आरमार जाळून टाकले. ज्या आरमाराच्या भीतीने बूनने मुंबईला तट घातला होता, ते मराठी सत्तेच्या संमतीने संपले. त्यानंतर मुंबईच्या समुद्राकडच्या बाजूला मराठ्यांची भीती उरली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली आणि माहीमच्या खाडीवरची सरहद्द संपली. मधल्या काळात एकदाच पारडे फिरले. मुंबईहून बोरघाट चढून पुण्यावर निघालेली कंपनीची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडली गेली आणि तिला शरणचिठ्ठी लिहून द्यावी लागली. पण तेव्हाही कोणी मुंबईच्या खंदकापाशी येऊन उभे राहिले नाही.

मग १७६९ साली, आरमार जळून तेरा वर्षे झाल्यावर, सेंट जॉर्जचे हे ठिगळ कशाला? तोवर भीतीत भर पडली होती ती फ्रेंचांची. १७४६ साली त्यांनी मद्रास घेऊन दाखवले होते. समुद्रावरून युरोपीय तोफखाना आला तर बूनचा जुना तट पुरणार नव्हता. आणि उत्तरेला सिद्दीची ती टेकडी अजून जागेवरच होती. तिच्यावर एक लहान किल्ला बांधून पाहिला होता. पण तो शत्रूच्या हाती पडला तर? शेवटी टेकडीच उडवून सपाट करायचे ठरले आणि तिच्या जागेलगत सेंट जॉर्ज उभा राहिला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चमत्कारिक वाटते. आपल्याकडे डोंगर दिसला की त्यावर किल्ला बांधतात. इथे किल्ल्याच्या रक्षणासाठी डोंगर पाडला. पण तोफेचे गणित वेगळे असते. अठराव्या शतकातल्या तोफखान्यापुढे उंच, कडेकोट भिंत म्हणजे सोपे निशाण. भिंत बुटकी आणि जाड हवी, पुढे खंदक हवा, आणि खंदकापुढे दूरवर आडोसा नको. डोंगरी हे नाव आज शेजारच्या वस्तीत उरले आहे, टेकडी नाही.

आडोसा नको, या नियमाने मुंबईला जे दिले ते कोटाच्या दगडांपेक्षा टिकाऊ निघाले. खंदकाबाहेरची माडांची बने तोडली, घरे हलवली, आणि गोळ्याच्या टप्प्यातली जमीन मोकळी ठेवली. ही मोकळी पट्टी वाढत वाढत गेली, तिला एस्प्लनेड म्हणत. आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे तिचे तुकडे आहेत. कोटाचे अवशेष मोजताना लोक दगड मोजतात. मला वाटते, सगळ्यांत मोठा अवशेष ही पोकळी आहे. जगातल्या अतिशय महाग जमिनीच्या मधोमध एवढी गवताळ जागा उरली, ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. तिथून येणारा माणूस तटावरून स्पष्ट दिसावा आणि त्याच्यावर तोफ डागता यावी म्हणून उरली.

तोफा तिथे डागल्याही गेल्या, पण बाहेरच्या शत्रूवर नाही. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या कंपनीच्याच दोन शिपायांना बंडाच्या आरोपावरून एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिले. त्याच आझाद मैदानावर १९८८च्या फेब्रुवारीत शाळकरी तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, आणि त्याच मैदानावर १२ मार्च २०१८ रोजी नाशिकहून चालत आलेले शेतकरी फुटलेल्या पायांनी येऊन बसले. शहराच्या वेशीबाहेर थांबून गाऱ्हाणे सांगायची जागा म्हणून हे मैदान अजून तसेच वापरले जाते, फक्त वेस दिसत नाही.

कोटाच्या आतले आयुष्य कोंदट होते. सायंकाळची तोफ झाली की दरवाजे बंद. उत्तरेच्या भागात घरावर घर चढलेले. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी आग लागली आणि या भागाचा मोठा हिस्सा जळून गेला. त्यानंतर पुष्कळ लोक मोकळ्या पट्टीच्या पलीकडे वसले. आजचे भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी अशी ‘बाहेरची मुंबई’ त्या धक्क्याने फुगली. १८१८ साली पेशवाई संपली. आता ज्यांच्यासाठी खंदक खणला ते कंपनीचे रयत झाले होते. तरी तट आणखी चव्वेचाळीस वर्षे उभा राहिला. खंदकाचे पाणी कुजत होते, डास आणि दुर्गंधी यांनी लोक हैराण होते, वर्तमानपत्रे ओरडत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली ती या बिनकामाच्या तटाच्या बाहेरून.

तो शेवटी पडला कापसाने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. जमिनीला सोन्याचा भाव. १८६२ साली गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रियरने तट पाडायला काढला, खंदक बुजवला, मोकळे झालेले भूखंड विकले. पश्चिमेच्या तटापुढे मैदानाकडे तोंड करून सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय यांच्या इमारती पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत उभ्या राहिल्या. जे काम सिद्दी, आंग्रे, पेशवे किंवा फ्रेंच यांना करावे लागले नाही, ते कंत्राटदारांनी केले. सेंट जॉर्जही त्याच लाटेत गेला. रुग्णालयाची आजची इमारत त्यानंतर तीस वर्षांनी आली.

तट पडत असतानाच, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मुंबई शहरावरचा हा मराठीतला पहिला मोठा ग्रंथ. माडगांवकर मूळचे गोव्याचे, मुंबईत शिकून शिक्षक झालेले. गावोगावच्या लोकांना मुंबई काय आहे ते कळावे म्हणून त्यांनी कोट, बंदरे, देवळे, बाजार, गिरण्या, शाळा असे सगळे लिहून ठेवले. कोट नाहीसा होण्याच्या क्षणी त्याची मराठी नोंद झाली हा योगायोग भाग्याचाच. आणखी एक गोष्ट लक्षात येते. १७३९मध्ये ज्याच्याविरुद्ध खंदक खणला तो मराठी बोलणारा माणूस १८६३पर्यंत कोटाचा वाटाड्या झाला होता.

दगड गेले, नावे राहिली. चर्चगेट स्थानक १८७० साली सुरू झाले तेव्हा दरवाजा पडून गेला होता. शिवाय तो होता तिथून बराच दूर, आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी. त्यामुळे चर्चगेटला चर्चही नाही आणि गेटही नाही. बाजारगेट रस्त्याचे सरकारी नाव पेरीन नरिमन स्ट्रीट झाले, जुने लोक अजून बाजारगेटच म्हणतात. काळ्या घोड्याजवळची रॅम्पार्ट रो आता के. दुभाष मार्ग आहे. आणि सगळा परिसर ‘फोर्ट’. रोज लाखो माणसे ‘फोर्टला जातो’ म्हणतात आणि कोणालाही किल्ला आठवत नाही.

चर्च गेटची जागा मात्र आठवण्यासारखी आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. आज त्या ठिकाणाला हुतात्मा चौक म्हणतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जिथे मराठी माणूस आत येऊ नये म्हणून दरवाजा होता, तिथेच हे शहर आपले आहे म्हणणारी मराठी माणसे पडली. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध लावायचा मोह होतो, तो आवरावा. मोर्चेकऱ्यांत बहुतेक कामगार होते, घाटावरून आणि कोकणातून गिरणीत आलेले. त्यांचा पेशव्यांच्या फौजेशी संबंध जोडणे त्यांच्यावर अन्याय होईल. ‘मराठे’ हा शब्द १७३९ साली ज्यांना भिववत होता आणि १९५५ साली जे रस्त्यावर होते, त्यांच्यात भाषेपलीकडे फार थोडे समान आहे.

आता जे खरोखर उभे आहे ते. सेंट जॉर्जची भिंत आणि कोठार मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. अशा जुन्या भिंतीचे वैरी ठरलेले असतात: सांध्यात रुजणारे पिंपळ, चार महिन्यांचा पाऊस, आणि चुन्याच्या जागी सिमेंट भरणारी घाईची दुरुस्ती. पिंपळ नुसता वरून छाटला तर मुळे आतल्या आत दगड ढकलत राहतात. ही माहिती जिथे सगळ्यांत जास्त आहे ते खाते याच आवारात आहे, त्यामुळे या भिंतीची आशा धरायला जागा आहे. पण एवढ्याशा तुकड्यासाठी पैसा मागायचा तर तो ‘कोणाचा’ हे सांगावे लागते, आणि इथेच पंचाईत होते. शिवकालीन नाही, पेशवेकालीन म्हणावे तर विरुद्ध बाजूचा, गोऱ्यांचा म्हणावे तर त्याच्या खंदकाला इथल्याच व्यापाऱ्यांनी पैसे दिलेले. ढोलताशे घेऊन तिथे कोणी जाणार नाही. तिथे माहितीचा फलक लावायचा झाला तर त्यावर वसईचा आणि ३०,००० रुपयांचा उल्लेख यावा एवढीच माझी अपेक्षा आहे. आणि जमल्यास बंगालीतही मजकूर असावा. बागबाजारच्या गल्लीतून आलेल्या माणसाला तो नीट समजेल.

ओर्ताच्या वाड्याभोवतीची ती जुनी गढी, बॉम्बे कॅसल, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांच्या मागे बंदराच्या बाजूला आहे. तिच्यातले थोडे तट आणि एक दरवाजा शिल्लक आहे. दरवाजावर दगडात कोरलेले दोन पोर्तुगीज शिपाई आहेत. सामान्य माणसाला तिथे सहज जाता येत नाही, कारण गढी भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे. इंग्रजांच्या काळात त्या नौदल तळाचे नाव डलहौसी होते. १९५१ साली ते बदलून ‘आय. एन. एस. आंग्रे’ असे ठेवण्यात आले.